आमच्या सुधाकराला तुमच्या शाळेत येऊ द्या: मुंबईतल्या मराठी शाळांच्या विश्वस्तांना खुलं पत्र

मुंबईतल्या मराठी शाळांचे सन्माननीय विश्वस्त, कार्यवाह आणि मुख्याध्यापक यांस,

स. न. वि. वि.

परळमधल्या एका छोट्या प्रायोगिक नाट्यसंस्थेचा मी व्यवस्थापक आहे. व्यवस्थापक म्हणजे तारखा धरणं, टेम्पोवाल्याशी घासाघीस करणं, दिवे टांगणं, दारात उभं राहून तिकिटं फाडणं आणि प्रयोग संपला की मोजून खुर्च्या परत करणं. पोट भरतं ते विमा कंपनीतल्या नोकरीवर. संस्थेत बाकीचेही असेच आहेत. कुणी पॅथॉलॉजी लॅबमध्ये, कुणी पतपेढीत, आणि आमच्या नाटकात सिंधू करणारी मुलगी एका इंग्रजी शाळेत गणित शिकवते. सध्या आम्ही राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ करतो आहोत, दारूपायी बुडणाऱ्या सुधाकराचं आणि त्याच्या बायकोचं, सिंधूचं, नाटक. त्यासाठी आम्हाला तुमच्या शाळेचं सभागृह संध्याकाळचं हवं आहे. मागणी एवढीच. पत्र खुलं लिहायचं कारण असं की बंद पाकिटातल्या अर्जांना आवक क्रमांक मिळतो, उत्तर मिळत नाही.

मिळतं तेव्हा ते कसं असतं, तेही सांगतो. शाळेचं नाव घेत नाही, कारण तिथली माणसं वाईट नव्हती. चहा देऊन बसवलं, सभागृह दाखवलं, भाडंही परवडणारं सांगितलं. मग एका वयस्कर विश्वस्तांनी विचारलं, “नाटक कुठलं?” नाव सांगितल्यावर खोलीतली हवाच बदलली. “म्हणजे स्टेजवर दारू पिणार? सरस्वतीच्या मंदिरात?” मी म्हटलं, नाटक दारूच्या विरोधात आहे. ते म्हणाले, “विरोधात असेल हो, पण पितात ना?” ग्लासात कोरा चहा असतो, हेही सांगून पाहिलं. त्यावर मुख्याध्यापकबाईंनी अगदी मनापासून तोडगा सुचवला: सुधाकराला मोबाइलचं व्यसन दाखवता येईल का? मुलांनाही उपयोगी पडेल.

बाईंचा हेतू चांगला होता, म्हणून मी हसलो नाही. पण बाहेर पडताना जिन्याजवळच्या फळ्यावर महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम लिहिलेला दिसला. पहिलंच समूहगीत होतं ‘मंगल देशा, पवित्र देशा’. ते गीत गोविंदाग्रजांचं, आणि गोविंदाग्रज म्हणजेच गडकरी. म्हणजे कवी शाळेत चालतो, नाटककाराने मात्र बाहेर थांबायचं.

तेव्हा आधी नाटकाबद्दल बोलू, सभागृहाचं मागून बघू. कारण मला शंका आहे की ‘एकच प्याला’चं नाव सगळ्यांना माहीत आहे आणि नाटक फार थोड्यांना. लहानपणी रेडिओवर पदं ऐकलेली असतात, तळीरामाचे विनोद कुणीतरी सांगितलेले असतात. बाकी एक धूसर समजूत असते: दारुडा नवरा, सोशिक बायको, शेवटी सगळे मरतात.

गडकरी २३ जानेवारी १९१९ ला गेले, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगमंचावर आणलं. पदं रचायला गडकरी उरले नव्हते, ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली. सिंधू केली बालगंधर्वांनी. पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. लोक गाण्यांना जाऊ लागले, वन्समोअर पडू लागले, आणि नवऱ्याच्या व्यसनात होरपळणाऱ्या बाईची गोष्ट हळूहळू गाण्याची मैफल झाली. मी त्या परंपरेला नावं ठेवत नाही, ती माझीही आहे. पण गाण्यांनी नाटक झाकलं, हे माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

झाकलं गेलं ते काय? सुधाकर काही गुत्त्यात वाढलेला माणूस नाही. हुशार, मानी, नाव कमावत असलेला वकील आहे. कोर्टात मुन्सफाशी, म्हणजे न्यायाधीशाशी, त्याचा खटका उडतो, वकिलीची सनद काही काळासाठी जाते, आणि त्या अपमानावर उतारा म्हणून तळीराम त्याच्यापुढे पेला धरतो. परळ-लालबागच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. १९८२ चा गिरणी संप ज्यांच्या घरात शिरला त्यांनी हे पाहिलं आहे. आधी हातचं काम गेलं, मग माणूस प्यायला लागला. लोक सांगताना मात्र उलटं सांगतात. गडकऱ्यांनी गिरण्या बंद पडायच्या साठ-पासष्ट वर्षं आधी तो क्रम बरोबर लावून ठेवला होता.

आता आर्यमदिरामंडळाचा प्रवेश घ्या. पिणाऱ्यांनी स्थापन केलेली संस्था, तिचे सभासद, त्यांचा ताठा, त्यांचा कारभार. विश्वस्त मंडळाच्या बैठकांना बसलेल्या कुणालाही तो प्रवेश इतरांपेक्षा जरा जास्तच हसवेल, एवढंच म्हणतो.

आणि सिंधू. तिच्याबद्दल आमच्यात तालमीत खूप भांडणं झाली. आजच्या मुलीने ही भूमिका का करावी, असं आमच्या सिंधूनेच पहिल्या वाचनाला विचारलं. माहेरचा आधार नाकारते, लोकांची दळणं दळते, मार खाते आणि मरताना पोलिसांसमोर नवऱ्यावर आळ येऊ देत नाही. हे पातिव्रत्य बघून टाळ्या वाजवायच्या का? काहींचं म्हणणं पडलं की शेवट बदलू, तिला खरं बोलायला लावू. आम्ही तो बदलला नाही. कारण कुठल्याही सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जा, ‘पाय घसरून पडले’ हा जबाब आजही रोज लिहिला जातो. सिंधू खोटं बोलते आणि समोर बसलेल्या सगळ्यांना ते खोटं आहे हे माहीत असतं. आमचा प्रयोग तेवढ्या एका मिनिटासाठी आहे. तिच्या तोंडी आजचं भाषण घातलं असतं तर प्रेक्षक सुटला असता. शिवाय नाटकात गीताही आहे, तळीरामाची बायको. ती असं सोसत बसत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या लेखकाने या दोघींना एकाच नाटकात समोरासमोर ठेवलं, आणि आपण लक्षात ठेवली एकच.

पाच अंकांचं नाटक आम्ही सव्वादोन तासांवर आणलं आहे. पदं मोजकीच ठेवली. ‘चंद्र चवथिचा’ ठेवलं, कारण ती अंगाई आहे आणि सिंधू ती बाळासाठीच म्हणते, प्रेक्षकांसाठी नाही. ऑर्गन नाही, एक पेटी आणि तबला. तान संपली की थांबायचं नाही, पुढचं वाक्य लगेच. पहिल्या काही प्रयोगांना जुन्या रसिकांनी यावर नाराजी बोलून दाखवली. त्यांचंही खरं आहे.

आता सभागृह.

तुम्ही म्हणाल, मुंबईत नाट्यगृहं काय कमी आहेत? शिवाजी मंदिर आहे, माटुंग्याला यशवंत, पार्ल्याला दीनानाथ, बोरिवलीला प्रबोधनकार, मुलुंडला कालिदास. आहेत, आणि असावीत. पण ती शेकड्यांनी खुर्च्यांची मोठी घरं आहेत. तिथे शनिवार-रविवारच्या तारखा व्यावसायिक नाटकांना जाणार हे उघड आहे आणि माझी त्यावर तक्रार नाही, त्यांच्यावर बॅकस्टेजच्या शेकडो घरांची चूल पेटते. आमच्यासारख्यांना तिथे मंगळवारची सकाळ मिळते. मंगळवारी सकाळी गिरणगावातला कोण माणूस नाटकाला येणार? आमच्या परळचं दामोदर तर १९२२ सालचं. कामगार रंगभूमीची कित्येक नाटकं तिथे उभी राहिली. २०२३ च्या अखेरीस ते पुनर्विकासासाठी बंद झालं. वर्सोव्याच्या आरामनगरात छोटे स्टुडिओ आहेत, जुहूला पृथ्वी आहे. छान जागा आहेत. पण परळहून रात्री वर्सोव्याला जाऊन यायचं आणि सकाळी पाळी गाठायची, हे आमच्या प्रेक्षकाला जमणारं नाही.

पण खरं कारण अंतर नाही. हे नाटक मोठ्या घरात ऐकूच येत नाही. त्या दळणाच्या प्रवेशासाठी आम्ही खरं दगडी जातं वापरतो. डोंबिवलीच्या एका आजींनी माळ्यावरून काढून दिलं. दोघांनी उचलावं लागतं, टेम्पोवाला दर वेळी त्याचे जास्तीचे पैसे मागतो. मोठ्या नाट्यगृहात आम्ही एक प्रयोग केला होता. जात्याजवळ माइक ठेवावा लागला आणि स्पीकरमधून आवाज आला तो मिक्सरसारखा. तेच जातं शाळेच्या हॉलमध्ये, शहाबादी फरशीवर, प्रेक्षकांपासून चार हातांवर ठेवलं की घरघर पायांतून वर चढते. पंखे तेवढा वेळ बंद करतो. आमची सिंधू खरी ज्वारी दळते. पहिल्या रांगेतल्या बाईच्या चपलेवर पीठ उडतं. सुधाकर झिंगून आत येतो तेव्हा त्याने जात्याला ठेचकाळायचं असं ठरलं आहे, पण नेमकं कधी ते ठरलेलं नाही, त्यामुळे सिंधूच्या हाताची मूठ खुंट्यावर आवळलेली दिसते. ही मूठ दिसावी म्हणून आम्हाला तुमचं सभागृह हवं आहे. विसाव्या रांगेतून ती दिसत नाही.

शाळेच्या सभागृहात नाटक म्हणजे काही आमची नवी टूम नाही. मुंबईच्या प्रायोगिक रंगभूमीचा पत्ताच मुळी शाळेचा होता. दादर पश्चिमेची छबिलदास मुलांची शाळा. ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेतून बाहेर पडलेल्या अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे या मंडळींनी १९७१ मध्ये ‘आविष्कार’ ही संस्था काढली आणि १९७४ पासून या शाळेचा हॉल प्रयोगांसाठी घेतला. जवळच दादर स्टेशन, खाली वड्याचा वास, वर लाकडी-लोखंडी खुर्च्या. रंगमंच कधी एका टोकाला, कधी मधोमध. त्या हॉलची ना उतरती बैठक होती ना विंगेत जागा. तरी तिथे फक्त आविष्कारच नाही, इतर संस्थाही येऊन नाटकं करत. मराठीबरोबर हिंदी नाटकं व्हायची. सत्यदेव दुबे, अमोल पालेकर यांचं काम तिथे लोकांनी पाहिलं. त्या काळातल्या आपल्या नटांची, दिग्दर्शकांची, लेखकांची चरित्रं उघडा, बहुतेकांत एक प्रकरण त्या हॉलवर आहे. नव्वदीच्या सुरुवातीला ते पर्व संपलं. मग आविष्कारने माहीमच्या महापालिका शाळेत मुक्काम हलवला आणि तिथेही वर्षानुवर्षं काम केलं.

या चळवळीचं श्रेय नाटकवाल्यांना मिळालं, ते योग्यच. पण मला नेहमी वाटतं की शाळेच्या त्या कुणा पदाधिकाऱ्याचं नाव कुठेच येत नाही, ज्याने पहिल्यांदा ‘द्या त्यांना किल्ली’ म्हटलं असेल. तोही तुमच्यासारखाच खुर्चीवर बसलेला माणूस असणार, त्याच्याही पुढे वीजबिल, शिपाई आणि पालकांच्या तक्रारी असणार. त्याने नाटकांची संहिता मागवून एकेक ओळ तपासली असती तर छबिलदास झालंच नसतं.

तुमच्या अडचणी मला माहीत आहेत. मराठी शाळांचा पट घसरतो आहे, वर्ग जोडले जात आहेत, अनुदानात शाळा चालत नाही. मग सभागृह साड्यांच्या सेलला जातं, साखरपुड्याला जातं, उन्हाळ्यात आंबे महोत्सवाला जातं. त्या भाड्याशी आम्ही स्पर्धा करू शकत नाही, हे आधीच कबूल करतो. हिशेब साधा आहे. ९० खुर्च्या आणि २०० रुपये तिकीट. घर पूर्ण भरलं तर १८,००० रुपये जमा होतात, आणि घर पूर्ण भरत नाही. त्यातून टेम्पो, पेटी-तबलावाले, जाहिरात, चहा-वडे आणि मग भाडं. नटांना काही मिळत नाही, त्याची कुणाला अपेक्षाही नाही. गडकऱ्यांची रॉयल्टी लागत नाही, त्यांच्या संहितेवरचा हक्क संपून अर्धं शतक उलटलं. पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटीही नाही. म्हणजे सरकारनेसुद्धा आमच्यावर जमेल तेवढी दया केलेली आहे. राहतं ते भाडं. तेवढंच तुमच्या हातात आहे.

म्हणून आम्ही सेलवाल्यांच्या तारखा मागत नाही. शनिवार-रविवार, दिवाळीआधीचे आठवडे, लग्नाचे मुहूर्त सगळं तुमचं. आम्हाला आठवड्याच्या मधल्या दोन संध्याकाळी द्या, साडेसहा ते दहा, ज्या वेळी सभागृहात अंधार असतो आणि शिपाई फाटकापाशी मोबाइल बघत बसलेला असतो. त्याचा जादा वेळेचा भत्ता आम्ही देऊ, वीज मीटरप्रमाणे देऊ, आणि वर तुम्हाला योग्य वाटेल तेवढं भाडं.

विजेबद्दल मुख्याध्यापकांच्या मनात धास्ती असते. ती रास्त होती. रंगमंचावरचा जुना ‘पार’ (PAR) दिवा एक हजार वॅटचा. शाळेच्या १५ ॲम्पिअरच्या पॉइंटवर असे तीन लावले की चौथ्याला फ्यूज उडायचा आणि दुसऱ्या दिवशी संगणक कक्षातून आमच्या नावाने शंख व्हायचा. आता एलईडी दिवे आले. आमच्या ‘एकच प्याला’ची अख्खी प्रकाशयोजना तुमच्या स्टाफरूममधल्या एका एसीपेक्षा कमी वीज खाते. खिळा ठोकत नाही, भिंतींना हात लावत नाही, दिवे आमच्याच स्टँडवर. समोरच्या मंचावर सरस्वतीचा फोटो आणि संस्थापकांचा पुतळा असतो, तिथे आम्ही जातच नाही. खाली मधोमध जागा मोकळी करतो आणि तीन बाजूंनी प्रेक्षक बसतात. प्रयोगानंतर फरशी आम्हीच पुसतो, पीठ आमचं असतं ना. नाटकांची संहिता तपासणारं परिनिरीक्षण मंडळ, पोलीस, अग्निशमन यांचे जे कागद लागतील त्यामागे धावणं हे माझं काम, तुमच्या लिपिकाचं नाही.

‘बाहेरचे लोक शाळेच्या आवारात’ ही दुसरी काळजी. तिची मी टिंगल करणार नाही. मुलांची शाळा आहे, दिवस वाईट आहेत. पण आमचा प्रयोग सुरू होतो तेव्हा मुलं घरी गेलेली असतात, आणि प्रत्येक प्रेक्षकाचं नाव आमच्या वहीत असतं. सेलला येणाऱ्या गर्दीची वही कोण ठेवतं?

आता ज्याबद्दल खरं लिहायचं होतं ते. विश्वस्तांनी विचारलेला प्रश्न: पितात ना? हो, पितात. स्टेजवर पिणं दाखवल्याशिवाय हे नाटक होत नाही. पण ज्या मुलांच्या डोळ्यांना आपण हे दिसू देऊ इच्छित नाही, त्यातल्या कितीतरी मुलांनी ते घरात, जिन्यात, नळावर पाहिलेलं आहे. शाळेत ते विषयच काढत नाहीत, कारण शाळेत असलं काही बोलायचं नसतं, हे त्यांना आपणच शिकवलं आहे. शाळेला व्यसनमुक्तीची घोषवाक्यं चालतात, त्यांच्या प्रभातफेऱ्या निघतात, त्यांची चित्रकला स्पर्धाही होते. या विषयावर मराठीत लिहिलेली सगळ्यात ताकदीची गोष्ट मात्र फाटकाबाहेर.

आमचा प्रयोग मोठ्यांसाठी आहे. नववी-दहावीच्या मुलांना आणायचं की नाही हे तुम्ही आणि पालकांनी ठरवावं, आमचा आग्रह नाही. आणायचं ठरलं तर एक प्रयोग शाळेसाठी विनामूल्य करू आणि नंतर मुलांशी बोलायला थांबू. एक विनंती मात्र आहे: नाटकाआधी मान्यवरांची भाषणं नकोत. मुलं तोवर दमतात आणि मग तळीरामालाही हसत नाहीत.

दिवे कसे लावतात, आवाज कुठून सोडतात, हे शिकायला कुणी विद्यार्थी आला तर त्याला मी स्वतः शिकवीन. प्रायोगिक नाटकात दिव्यांचं काम करणाऱ्यांची इतकी टंचाई आहे की यात माझाच स्वार्थ जास्त.

मे महिन्यात बहुतेक शाळांचे हॉल रिकामे असतात आणि आमच्या बहुतेकांच्या रजाही तेव्हाच शिल्लक असतात. तेव्हापासून सुरुवात करू. ज्या शाळेला शंका असेल तिच्या विश्वस्तांनी आधी तालीम पाहावी. ती दर गुरुवारी संध्याकाळी सातला असते, एका मित्राच्या बंद पडलेल्या छापखान्यात. पूर्ण नाटक बघायला वेळ नसेल तर शेवटचा अंक बघा. संहितेची प्रत अर्जासोबत जोडतोच. पुन्हा एकदा सांगतो, तिच्यात बदल करून मिळणार नाही. सुधाकर वकीलच राहील, आणि त्याच्या हातात पेलाच असेल.

कळावे,

आपला,
व्यवस्थापक (आणि दिवेवाला),
एक छोटी नाट्यसंस्था, परळ